‘आधी हे वाचा’ : सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या एका चिठ्ठीची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या पेठेतल्या एका काकूंचा फोन आला. "दादा, २००५ च्या पुराची बातमी तुम्हीच छापली होती ना? आमच्या बोळात पाणी कुठवर आलं होतं ते होतं बघा त्यात. तो पेपर मिळेल का?" घर पूररेषेच्या आत की बाहेर यावरून त्यांचं एक प्रकरण अडकलंय. त्यांना छापील कागद हवा होता.

बातमी मी लिहिली होती, हे खरं. तेव्हा मी एका साप्ताहिकात होतो. ते केव्हाच बंद पडलं. मालकांनी बांधून ठेवलेले अंक २०१९ च्या पुरात भिजून लगदा झाले. म्हणजे पुराच्या बातम्या पुरातच गेल्या. उरल्या होत्या अकरा सीडी, मालकांच्या मुलाच्या घरी माळ्यावर. एका डीटीपीवाल्या मित्राकडे जुनं मशीन आणि त्यावर पेजमेकर अजून आहे. तिथं जाऊन बसलो. सीडी चालल्या, पानं उघडली, फोटोही दिसले. पण मजकुराच्या जागी सगळा कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. फॉन्ट कुठला वापरला होता हे कुणालाच आठवेना. चार-पाच फॉन्ट लावून बघितले, काही जमेना.

आठव्या सीडीत एक छोटी नोटपॅडची फाईल सापडली. नाव इंग्रजी अक्षरांत, ‘आधी हे वाचा’. आत इंग्रजी अक्षरांत मराठी, जेमतेम दहा ओळी. फॉन्ट अमुक, पेजमेकरची आवृत्ती अमुक, फाईलच्या नावात पहिला आकडा पानाचा आणि मग तारीख, फॉन्ट याच सीडीत शेवटच्या फोल्डरमध्ये टाकलेत. खाली आमच्या ऑपरेटर बापूंचं नाव आणि तारीख. त्या दहा ओळींवर अकराच्या अकरा सीडी वाचता आल्या.

बापू आता गावी असतात. फोन करून विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? म्हणाले, "अहो, फॉन्टच्या सीडीत असायची की तसली फाईल. रीडमी म्हणून. म्हटलं, आपणही एक ठेवावी."

ही रीडमी म्हणजे मोबाईलची कंपनी नव्हे बरं का! इंग्रजीत ‘मला वाच’ एवढाच त्याचा अर्थ. कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत एक साधी मजकुराची फाईल येते. हे काय आहे, कसं चालवायचं, काय बिघडू शकतं, कुणी बनवलं, अडलं तर कुणाला विचारायचं, हे तिच्यात असतं. आपण बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसते. पण तिला जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे, म्हणून आजची ही लांबलचक पोस्ट.

सुरुवातीला अशा चिठ्ठीची गरजच फारशी नव्हती. १९५० च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे एक खोलीभर यंत्र. प्रोग्राम लिहिणारा त्याच इमारतीत. अडलं तर शेजारच्या टेबलाशी जाऊन विचारायचं. पण यंत्रं महाग आणि प्रोग्राम लिहिणारी माणसं मोजकी. एकच हिशेब प्रत्येकानं नव्यानं कशाला लिहायचा? म्हणून १९५५ मध्ये अमेरिकेत आयबीएमची मोठी यंत्रं वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला. नावाप्रमाणेच काम, आपापले प्रोग्राम एकमेकांना द्यायचे. १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक या कंपनीच्या ग्राहकांनीही ‘डेकस’ नावाची संघटना उभी केली. तिच्यातर्फे चुंबकीय टेपवर भरलेले प्रोग्राम पोस्टानं गावोगावी जायचे.

इथून खरी अडचण सुरू झाली. टेप एका विद्यापीठातून निघते आणि हजार मैलांवरच्या दुसऱ्या विद्यापीठात उघडली जाते. उघडणारा माणूस बनवणाऱ्याला ओळखत नाही. टेपवर चाळीस फाईली. सुरुवात कुठून करायची? मग पाठवणाऱ्यांनी सोबत चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. डेकच्या पीडीपी-१० या यंत्रासाठीच्या प्रोग्रामांसोबतच्या अशा फाईली १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सापडतात. पहिली नेमकी कुणाची यावर पैज लावू नये, कारण असल्या सवयी कुणी एक जण शोधून काढत नाही. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव लिहायचं कुणी ठरवलं? तसंच हे.

नाव मात्र चपखल बसलं. त्या यंत्रावर फाईलचं नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं असायचं, आणि ‘रीडमी’ इंग्रजीत बरोब्बर सहा अक्षरांत मावतं. लुईस कॅरलच्या १८६५ च्या ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टीत बाटलीवर पिण्याची आणि केकवर खाण्याची सूचना लिहिलेली असते, त्यावरून हे नाव आलं असंही कॉम्प्युटरवाले गमतीनं सांगतात. गंमत म्हणून ठीक आहे.

हे नाव सगळं कॅपिटल अक्षरांत का लिहितात, यामागे मात्र खरं कारण आहे. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ नावाचं कोष्टक ठरलं. आज वापरतात त्या कोष्टकात मोठ्या ‘ए’चा आकडा ६५ आणि छोट्या ‘ए’चा ९७. बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बनवलेल्या युनिक्समध्ये फाईलींची यादी मागितली, की ती या आकड्यांच्या क्रमानं यायची. म्हणजे मोठ्या अक्षरांची नावं आधी आणि छोट्यांची नंतर. बाकी सगळ्या फाईली छोट्या अक्षरांत असायच्या, त्यामुळे मोठ्या अक्षरांतली रीडमी आपोआप यादीच्या वर दिसायची. घराच्या चाव्या दारातल्या खिळ्याला अडकवतात, कारण येणाऱ्याची नजर तिथं पडते. हेही त्यातलंच.

१९८० च्या दशकात कॉम्प्युटर टेबलावर आला आणि सॉफ्टवेअर खोक्यातून विकलं जाऊ लागलं. खोक्यात फ्लॉपी आणि जाडजूड छापील पुस्तक. आम्हा पेपरवाल्यांना पुढचा भाग सांगायची गरज नाही. छपाईला पान गेलं की गेलं. पुस्तक आधी छापायला जायचं, प्रोग्राममधले बदल मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चालायचे. मग पुस्तकात जे राहिलं किंवा चुकलं, ते फ्लॉपीवरच्या रीडमीत. म्हणजे रीडमी ही एका अर्थी ‘चूकभूल’ची चौकट होती. अमुक पानावरचं चुकलंय, अमुक प्रिंटरवर हे चालत नाही, असं विकणारी कंपनी स्वतःच लिहून द्यायची.

बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कल आणि टर्बो सी यांच्या फ्लॉपीवर ही फाईल असायचीच, शिवाय ती पडद्यावर दाखवायला एक चिमुकला प्रोग्रामही असायचा. टर्बो सी म्हटल्यावर तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या माझ्या वयाच्या कित्येकांना तो निळा पडदा आठवेल. परदेशात त्याची सद्दी संपली तरी आपल्याकडे कितीतरी वर्षं तोच शिकवला गेला. आमच्या क्लासमध्ये तो एका फ्लॉपीवरून दुसरीवर असा फिरत आलेला. छापील पुस्तकाचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. बनवणाऱ्याचा आमच्यापर्यंत पोचलेला एकमेव शब्द म्हणजे ती रीडमी. आणि ती सरांनीसुद्धा उघडलेली नव्हती.

त्याच काळात काही प्रोग्रामर दुकानाशिवाय सॉफ्टवेअर वाटत होते. १९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ यांनी आपापले प्रोग्राम वाटताना सोबत निरोप ठेवला, की वापरा, इतरांना द्या, आवडलं तर पैसे पाठवा. फ्लूगलमननी २५ डॉलर मागितले होते. यालाच पुढे शेअरवेअर म्हणू लागले. ना पावती, ना वकील. एक निरोप आणि अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर भरवसा. आणि लोक खरंच पैसे पाठवत होते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि पुढे त्यात हा रिवाज नियमातच आला. सॉफ्टवेअर वाटताना प्रकल्पाची थोडक्यात ओळख सांगणारी रीडमी असलीच पाहिजे, परवान्याची फाईल वेगळी असली पाहिजे, असं त्यांच्या लिखित संकेतांत आहे. परवान्याची फाईल म्हणजे तुमचे हक्क काय, आणि रीडमी म्हणजे ते हक्क वापरायचे कसे. नुसता हक्क देऊन भागत नाही, हे त्यांना कळलं होतं. माहिती अधिकारात अर्ज टाकून पाचशे पानं मिळवलेल्या कुणालाही विचारा. पानं हातात असतात, पण कुठल्या रकान्याचा अर्थ काय हे सांगणारं कुणी नसतं.

फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सनं सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती, ०.०१, टाकली. तो तेव्हा कॉलेजात शिकत होता. सोबतच्या टिपणात त्यानं अट घातली होती, की याचे पैसे कुणी घ्यायचे नाहीत, फ्लॉपी हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. वापरणाऱ्यांकडून ही अट काढायच्या विनंत्या आल्या. १९९२ च्या सुरुवातीला त्यानं पुढच्या आवृत्तीच्या टिपणात आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं आणि ग्नूचा परवाना स्वीकारला. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन ज्यावर चालतात, त्या लिनक्सचं भवितव्य ठरवणारा हा निर्णय साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेला आहे.

२००८ मध्ये गिटहब ही साईट सुरू झाली. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिथं ठेवतात. तिथं कुठल्याही प्रकल्पाचं पान उघडलं, की फाईलींच्या यादीखाली रीडमी आपोआप उघडी दिसते. कोपऱ्यातली चिठ्ठी दर्शनी फलक झाली. साईटच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वॉर्नर यांनी २०१० मध्ये त्याच्याही पुढची गोष्ट मांडली, की प्रोग्राम लिहायच्या आधी रीडमी लिहा. काय बनवतोय हे चार ओळींत सांगता येत नसेल, तर ते बनवायलाच घेऊ नका. आपल्याकडे भूमिपूजन आधी होतं आणि योजना नेमकी काय ते नंतर, त्याच्या हे अगदी उलटं.

आता यातली कडू बाजू. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचं हवामान संशोधन केंद्र आहे. १९०१ पासूनच्या जगभरच्या तापमान आणि पावसाच्या नोंदी गोळा करून ते एक मोठा आकडेसंच तयार करतं. आधी ज्यानं हे काम केलं होतं तो सोडून गेला. त्याच्या फाईली आणि प्रोग्राम एका नव्या प्रोग्रामरच्या हाती आले. कुठली फाईल कशाची, कुठल्या केंद्राचा क्रमांक बरोबर, काहीच धड लिहिलेलं नाही. तो रोज काम करायचा आणि जे दिसेल, जे चुकेल, ते एका फाईलमध्ये टिपायचा. चिडचिड झाली तर तीही टिपायचा. फाईलचं नाव ‘हॅरी रीड मी’. काही वर्षांत ती शेकडो पानांची झाली.

नोव्हेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, त्या केंद्राचा सर्व्हर फोडून हजारो फाईली जगजाहीर करण्यात आल्या. त्यात ही रीडमीही होती. मग काय, त्या वैतागलेल्या ओळी उचलून ‘बघा, शास्त्रज्ञ आकडे बनवतात’ अशी बोंब सुरू झाली. ब्रिटिश संसदेच्या समितीनं चौकशी केली, स्वतंत्र समित्यांनीही केली. सर म्युर रसेल यांच्या समितीचा अहवाल जुलै २०१० मध्ये आला. शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासारखं काही नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. समितीनं मूळ सार्वजनिक नोंदी घेऊन स्वतः तापमानाचा कल काढून बघितला. तो जुळला, आणि जाणकाराला या कामाला दोन दिवसही लागू नयेत, असा त्यांचा अनुभव होता. पण केंद्रानं माहिती खुली करण्यात हात आखडता घेतला, हा ठपकाही त्याच समितीनं ठेवला.

मला यात दोन गोष्टी दिसतात. चिठ्ठी न ठेवता गेलेल्या माणसामुळे मागून येणाऱ्याची काही वर्षं गेली. आणि ज्यानं प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवलं, त्याच्याच लिहिण्याचा दगड करून त्याच्या संस्थेवर मारला गेला. आपल्या हापिसांत लोक लिहायला का घाबरतात, याचं उत्तर या दुसऱ्या गोष्टीत आहे. "लेखी काही देऊ नका" हा सल्ला नवीन लागलेल्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. लिहिणारा अडकतो, न लिहिणारा सुटतो. हे उलटं व्हायचं असेल तर लिहून ठेवलेल्या अडचणीला गुन्हा समजणं आधी आपण थांबवलं पाहिजे. यात आम्ही पत्रकारही आलो. फाईलमधली एक कबुली उचलून मथळा केलेला मलाही आठवतोय.

तिकडे अर्थशास्त्रात २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा शोधनिबंध आला होता. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा अर्थ लावून युरोपात सरकारी खर्चाला कात्री लावण्याचं समर्थन झालं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं लेखकांकडून मूळ एक्सेल शीट मागवून घेतली. एका सरासरीत पाच देशच धरायचे राहिले होते! बाकी त्रुटीही धरून हिशेब नव्यानं केला, तर कर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. आज अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या नियतकालिकांत आकड्यांवरचा निबंध छापायचा, तर आकडे आणि प्रोग्रामसोबत रीडमी द्यावीच लागते. हिशेब कुठून सुरू झाला आणि कसा झाला, हे परक्याला पुन्हा करून बघता आलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

राहिला भाषेचा मुद्दा. आस्कीच्या कोष्टकात जागा १२८ च, आणि त्यात ‘क’ नव्हता, ‘ज्ञ’ नव्हता. म्हणून आपल्याकडे फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवली. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून आमच्या सीडीत कचरा दिसत होता. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. १९९२ मध्ये त्याच केन थॉम्प्सननं रॉब पाइकसोबत न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची मांडणी केली. आज ही पोस्ट तुमच्या फोनवर मराठीत दिसतेय ती त्यामुळे. बापूंना आपली चिठ्ठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागली. आपल्याला आता ती सबब उरलेली नाही.

आपल्याकडे हा रिवाज नव्हताच असं नाही. बदली झाली की चार्ज द्यायचा, चार्ज लिस्टवर सह्या करायच्या, ही पद्धत आपली जुनीच. पण त्या यादीत टेबल, कपाट, खुर्च्या असतात. कपाटातल्या फाईलींचा अर्थ नसतो. आता कपाटाच्या जागी कॉम्प्युटर आला. पासवर्ड एकाच ऑपरेटरला माहीत, एक्सेलमधला पिवळा रंग कशासाठी ते त्यालाच ठाऊक. तो सुट्टीवर गेला की "सर आल्यावर या". पाणीपट्टीची यादी असो, बचत गटाचा हिशेब असो, सोसायटीचं रजिस्टर असो, की देवस्थानची वर्गणी.

म्हणून एक विनंती. तुमच्या हाताखाली असं काही असेल, तर आज रात्री अर्धा तास काढा. एक साधी फाईल करा, नाव ठेवा ‘आधी हे वाचा’. हे काय आहे, कुठल्या तारखेपर्यंतचं आहे, कुठल्या रकान्याचा अर्थ काय, काय चुकलेलं किंवा अर्धवट आहे, आणि कुणाला विचारायचं. खाली नाव आणि तारीख. पासवर्ड मात्र त्यात लिहू नका, तो कुणाकडे आहे तेवढं लिहा. कॉम्प्युटर नसेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

काकूंना त्या अंकाच्या पानाची प्रिंट काढून दिली. त्यांच्या बोळातलं पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला टेकलं होतं, असं मीच लिहिलेलं वाक्य मला वीस वर्षांनी वाचायला मिळालं. प्रकरणाचा निकाल काय लागायचा तो लागेल. कागद मात्र फाईलला जोडला गेलाय. बापूंना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बाकीच्या दहा सीडीत टाकायचा कंटाळा केला बघा तेव्हा."